गाडीने अमेरिका ओलांडताना पहिल्यांदाच तंबूत राहायचंय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही चौघं, म्हणजे मी, नवरा, अकरा वर्षांचा मुलगा आणि सात वर्षांची मुलगी, जुलैमध्ये न्यू जर्सीहून स्वतःची गाडी घेऊन निघालो आणि सॅन फ्रान्सिस्कोपर्यंत जाऊन आलो. जायला १६ दिवस, यायला ६. त्यातल्या नऊ रात्री तंबूत काढल्या. जूनमधली सरावाची एक रात्र सोडली, तर त्याआधी आमच्यातलं कुणीही तंबूत झोपलेलं नव्हतं. परत आल्यावर मंडळाच्या गणपतीत महाप्रसादाच्या रांगेत जे प्रश्न लोकांनी विचारले, ते आणि त्यांची उत्तरं इथे सविस्तर लिहिते आहे.

रोज रात्री तंबू लावायचा का?

नाही. सगळ्यांना सगळ्यात आधी मी हेच सांगते. गाडी हाकायच्या दिवशी मोटेल, मुक्कामाच्या ठिकाणी तंबू. एकाच रात्रीसाठी तंबू लावू नका. दिवसभर ५०० मैल गाडी चालवून, दमलेल्या अंगाने, अंधारात खुंट्या ठोकायच्या आणि सकाळी सातला दवाने भिजलेला तंबू गुंडाळून पुन्हा निघायचं, याने दोन दिवसांत घरात भांडणं सुरू होतात. तंबू लावून सगळं मार्गी लागायला पहिल्यांदा दोन तास लागतात, काढायलाही जवळपास तेवढेच. सलग दोन-तीन रात्री एका जागी राहणार असाल तरच ही मेहनत वसूल होते.

आमचं गणित असं होतं: साउथ डकोटातल्या बॅडलँड्सच्या मातीच्या सुळक्यांत दोन रात्री, ब्लॅक हिल्सच्या डोंगरात दोन, वायोमिंगमधल्या यलोस्टोन उद्यानात तीन, शेजारच्या ग्रँड टीटन उद्यानात दोन. बाकी सगळी मोटेलं. परतीला तर तंबू डिकीतून काढलाच नाही.

रस्ता कुठला घ्यावा?

आय-८० न्यू जर्सीतल्या टीनेकपासून थेट सॅन फ्रान्सिस्कोपर्यंत जातो, सुमारे २,९०० मैल. सरळ आणि वेळ वाचवणारा रस्ता आहे. पण तंबूचं सुख हवं असेल तर शिकागोच्या पुढे आय-९० धरा. विस्कॉन्सिन, मिनेसोटा ओलांडून साउथ डकोटात आलात की बॅडलँड्स, ब्लॅक हिल्स, वायोमिंगमधला डेव्हिल्स टॉवर आणि मग यलोस्टोन अशी रांगच लागते. डेव्हिल्स टॉवर हे या देशाचं पहिलं राष्ट्रीय स्मारक, १९०६ सालचं; यलोस्टोन पहिलं राष्ट्रीय उद्यान, १८७२ सालचं. तिथून टीटन, सॉल्ट लेक सिटी आणि पुन्हा आय-८० ने नेवाडा पार करून कॅलिफोर्निया.

पश्चिमेकडे जाताना तीन वेळा घड्याळ एकेक तास मागे जातं. म्हणजे जाताना दिवस मोठा मिळतो, येताना तेवढाच कमी होतो. येतानाचे मुक्काम ठरवताना हे विसरू नका. कॅम्पग्राउंडवर, म्हणजे तंबूच्या तळावर, सूर्यास्ताच्या किमान दोन तास आधी पोचायचं, हा नियम आम्ही कधी मोडला नाही. संधिप्रकाशात हरणं रस्त्यावर येतात, हेही त्यामागचं एक कारण.

जागा किती आधी बुक करावी लागते? नाही मिळाली तर?

राष्ट्रीय उद्यानांमधल्या बहुतेक जागा सरकारी आरक्षणाच्या साइटवर सहा महिने आधी खुल्या होतात आणि जुलैच्या शनिवार-रविवारच्या जागा काही मिनिटांत जातात. यलोस्टोनमध्ये एक गोष्ट अनेकांना माहीत नसते: तिथली पाच मोठी कॅम्पग्राउंड या सरकारी साइटवर दिसतच नाहीत, ती उद्यानातले लॉज चालवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून घ्यावी लागतात. त्यामुळे ‘यलोस्टोन फुल आहे’ असं समजून बरेच जण बेतच रद्द करतात.

नाही मिळाली तरी रोज सकाळी एकदा बघत राहा, रद्द झालेल्या जागा येत असतात. आमच्या टीटनच्या दोन्ही रात्री अशाच मिळाल्या, निघायच्या नऊ दिवस आधी. शिवाय राज्यांची उद्यानं असतात, खासगी कॅम्पग्राउंड असतात. केओए ही साखळी १९६२ मध्ये मोंटानातल्या बिलिंग्ज गावी सुरू झाली. तिच्यासारख्या ठिकाणी शॉवर, कपडे धुवायची मशीन आणि लाकडी खोल्याही असतात. नॅशनल फॉरेस्ट, म्हणजे सरकारी जंगलं, आणि बीएलएम या सरकारी जमीन खात्याच्या मोकळ्या जमिनीवर बऱ्याच ठिकाणी फुकट राहता येतं, साधारण १४ दिवसांपर्यंत. पण तिथे पाणी नाही, संडास नाही, शेजार नाही. पहिल्या खेपेला, लहान मुलं बरोबर असताना, मी तिथे जाणार नाही.

पास घ्यावा का?

तीन-चार राष्ट्रीय उद्यानं करणार असाल तर नक्की. वार्षिक पास अमेरिकेत राहणाऱ्यांना ८० डॉलरला मिळतो आणि गाडीतल्या सगळ्यांना चालतो. २०२६ पासून इथे न राहणाऱ्या पाहुण्यांसाठी त्याची किंमत २५० डॉलर झाली आहे. यलोस्टोन, ग्रँड टीटन, योसेमिटीसारख्या मोठ्या उद्यानांत पास नसलेल्या परदेशी पाहुण्यांना प्रवेशासाठी वेगळे जादा पैसेही पडतात. भारतातून आई-बाबा येणार असतील तर आधी नीट हिशोब करा. पासमध्ये फक्त प्रवेश येतो, तंबूच्या जागेचं भाडं वेगळं.

तंबू कुठला घ्यायचा? सगळं सामान विकतच घ्यावं लागतं का?

चौघांसाठी सहा जणांचा घ्या. तंबूवर लिहिलेला आकडा माणसं शेजारी शेजारी चिकटून झोपली तरचा असतो, त्यात सामान धरलेलं नसतं. वरचं पावसाचं कापड जमिनीपर्यंत येणारं हवं; नुसती टोपी असलेला तंबू अंगणात बरा, डकोटाच्या वाऱ्यात नाही. खाली अंथरायची ताडपत्री तंबूच्या तळापेक्षा थोडी लहान ठेवा. बाहेर डोकावणाऱ्या ताडपत्रीवर पावसाचं पाणी साठतं आणि सरळ तंबूखाली शिरतं.

स्लीपिंग बॅग, स्टोव्ह, खुर्च्या ओळखीत कुणाकडे तरी पडलेल्या असतातच. आम्ही तंबू आणि झोपायच्या मॅट विकत घेतल्या, बाकी निम्मं सामान मागून आणलं.

आणि निघायच्या आधी एक रात्र घराजवळच्या स्टेट पार्कमध्ये काढा. अंगणात नको, कारण अंगणात काही विसरलं तर माणूस उठून घरातून आणतो. आम्ही जूनमध्ये अशी एक रात्र काढली. त्या रात्री कळलं, की हातोडी नाही, काडेपेटी नाही आणि मुलीला अंधारात तंबूच्या चेनचा आवाज आला की भीती वाटते. चेनची भीती जायला वेळ लागला. तिच्या गळ्यात छोटा टॉर्च अडकवला आणि चेन उघडायचं काम तिच्याकडेच दिलं, तेव्हा ती रमली.

जुलैत थंडी कशी वाजेल?

वाजते, आणि चांगलीच. यलोस्टोनमधलं कॅन्यन कॅम्पग्राउंड जवळपास ८,००० फुटांवर आहे. दुपारी अर्ध्या बाह्यांचा शर्ट पुरतो, पहाटे पारा ४० फॅरनहाइटच्या आसपास, म्हणजे चार-पाच सेल्सिअसवर येतो, कधी त्याहूनही खाली. उलट बॅडलँड्समध्ये दुपारी १०० फॅरनहाइट सहज होतं आणि सावलीला झाड नसतं. एकाच आठवड्यात दोन्ही सोसायचं असतं.

स्लीपिंग बॅगवर लिहिलेलं तापमान हे बहुतेकदा त्या थंडीत जेमतेम निभावण्याचं असतं, सुखाने झोपण्याचं नाही. २० फॅरनहाइटची घ्या. थंडी वरून कमी आणि जमिनीतून जास्त येते, म्हणून मॅटवर पैसे वाचवू नका. नुसत्या हवेच्या गादीवर पहिल्या रात्री आमची पाठ गारठून गेली. दुसऱ्या रात्री गादीवर घोंगडी दुहेरी करून टाकली आणि मग झोप लागली. ती घोंगडी माझ्या आजीने सोलापूरहून दिलेली, मी ती निव्वळ मायेपोटी गाडीत टाकली होती.

जेवणाचं काय? फोडणी देता येते का?

येते. दोन बर्नरचा गॅसचा स्टोव्ह आणि एक पौंडाचे हिरवे सिलिंडर, एवढं पुरतं. दोन्ही बर्नर मोठे ठेवले तर एक सिलिंडर साधारण तासभर चालतो. आम्हाला दोन दिवसांना एक लागला. स्टोव्ह कधीही, कितीही पाऊस असला तरी, तंबूच्या आत पेटवायचा नाही. आगीपेक्षाही कार्बन मोनॉक्साइडचा धोका मोठा, त्याला वास नसतो.

तीन लिटरचा प्रेशर कुकर न्याच. ८,००० फुटांवर पाणी साधारण ९२ सेल्सिअसलाच उकळतं, त्यामुळे उघड्या पातेल्यात तुरीची डाळ तासभर ठेवली तरी दाताखाली कचकचते. आमचा कुकर घरी तीन शिट्ट्यांत वरण करतो. कॅन्यनला डाळ दुपारपासून भिजवून ठेवली आणि तरीही सहा शिट्ट्या कराव्या लागल्या. पहिल्या शिट्टीला शेजारच्या तंबूतलं कुटुंब दचकून बाहेर आलं. त्यांना वाटीभर गरम वरण-भात दिला, वर तूप, लिंबू. त्यातल्या आजोबांनी दुसऱ्या दिवशी आम्हाला त्यांनी पकडलेले ट्राउट मासे कसे साफ करतात ते दाखवलं. आम्ही मासे खात नाही, पण मुलगा तासभर तिथून हलला नाही.

घरून काय न्यावं: थालीपिठाची भाजणी, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, भाजलेला रवा, पोहे, बेसनाचे लाडू. उपमा आणि सांजा यांचं कोरडं मिश्रण मोहरी-कढीपत्त्याच्या फोडणीसकट घरीच करून पिशव्या भरल्या होत्या. तिथे फक्त उकळतं पाणी ओतायचं. कांदा घरून चिरून नेऊ नका, सगळा कूलर त्याच्या वासाचा होतो. शिकागोच्या डेव्हॉन अव्हेन्यूवर किराणा भरून घ्या, कारण त्यानंतर हव्या त्या डाळी आणि पीठ मिळायला खूप वाट पाहावी लागते.

भांड्यांचं खरकटं पाणी झाडाखाली ओतायचं नाही. शितं गाळून कचऱ्यात आणि पाणी त्यासाठी ठेवलेल्या मोरीत. याचा संबंध पुढच्या प्रश्नाशी आहे.

अस्वल आलं तर?

ते येऊ नये, हेच तुमचं काम. यलोस्टोन आणि टीटनमध्ये काळी अस्वलं आहेत आणि ग्रिझली ही मोठी तपकिरी अस्वलंही आहेत. ज्याला वास येतो ते सगळं न वापरताना गाडीत काचा बंद करून किंवा जागेवरच्या लोखंडी पेटीत ठेवायचं. योसेमिटीत रात्री गाडीतही ठेवायचं नाही, फक्त पेटीत. तिथली अस्वलं गाडीचं दार उचकटून आत शिरतात.

आम्ही नियम वाचले होते. अन्न, कूलर, कुकर, टूथपेस्ट, साबण, सगळं पेटीत गेलं. संध्याकाळी कॅम्पग्राउंडचे होस्ट, म्हणजे तिथे राहून देखरेख करणारे, फिरत आमच्याकडे आले. पिकल्या दाढीचे, शांतपणे बोलणारे गृहस्थ. त्यांनी विचारलं, वासाचं आणखी काही? मी नाही म्हणाले. त्यांनी मुलीच्या केसांकडे पाहिलं आणि पुन्हा विचारलं, हा नारळाचा वास कसला? मी दुपारीच तंबूत बसून तिच्या केसांना तेल लावलं होतं. खोबरेल तेलाची बाटली तिच्या उशाशी होती, माझ्या पर्समध्ये कैलास जीवनची ट्यूब होती, एका कप्प्यात देवाला लावायच्या उदबत्तीचा पुडाही होता. माझ्या मनाने यातलं काहीच ‘अन्न’ नव्हतं. अस्वलाला ते कळायचं कसं? त्यांनी कुठलाही आव न आणता मला हे समजावून सांगितलं. तिचे केस धुऊन आणायला उद्यानातल्या शॉवरपर्यंत गाडीने गेलो, तिथल्या बाकावर बसून टॉवेलने कोरडे केले आणि मग झोपलो. तुम्ही मराठी घरातून जात असाल तर ही यादी लिहूनच ठेवा: तेल, उटणं, उदबत्ती, चहाचा मसाला, हिंग, बाळाचं मालिशचं तेल, मुखवास. प्रवासभर सुपारीच्या डब्या बॅगेच्या तळाशी पडलेल्या असतात, त्याही.

अस्वल आणि लांडगा यांच्यापासून किमान १०० यार्ड, बायसन हा रानबैल आणि एल्क हे मोठं हरीण यांच्यापासून किमान २५ यार्ड अंतर ठेवायचं, हा यलोस्टोनचा नियम आहे. बायसन गाईसारखा संथ दिसतो, म्हणून लोक फोटोसाठी जवळ जातात आणि शिंगावर घेतले जातात. पायवाटांवर जाताना अस्वलाला पळवायचा तिखट स्प्रे कमरेला हवा, बॅगेच्या आत नको. तो विमानात नेता येत नाही, तिथेच घ्या.

वादळ-पावसात तंबूत राहिलं तर चालतं का?

पावसात हो. विजा चमकत असतील किंवा जोराचा वारा असेल तर नाही, तेव्हा गाडीत जाऊन बसायचं. टॉर्नेडोचा, म्हणजे जमिनीवर भोवऱ्यासारखं फिरत येणाऱ्या वादळाचा, इशारा असेल तर गाडीतही नाही, जवळच्या पक्क्या इमारतीत जायचं.

बॅडलँड्सच्या दुसऱ्या रात्री एक वाजता वाऱ्याने जाग आली. तंबूची पश्चिमेकडची भिंत आत येऊन माझ्या तोंडाला टेकत होती. संध्याकाळी हवा इतकी पडलेली होती, की बाहेरून ताणायच्या दोऱ्या आम्ही बांधल्याच नव्हत्या, फक्त चार कोपऱ्यांना खुंट्या. मुलांना स्लीपिंग बॅगेसकट उचलून गाडीत टाकलं आणि दार लावतो न लावतो तोच टपावर गारा वाजायला लागल्या. विजेच्या उजेडात ते मातीचे सुळके क्षणभर पांढरे दिसायचे आणि पुन्हा नाहीसे व्हायचे. मुलगी झोपेतच होती. वीस मिनिटांनी सगळं शांत झालं. तंबूची एक काठी वाकली होती, आतल्या उशा भिजल्या होत्या, बाकी काही नाही. त्यानंतर आकाश कितीही स्वच्छ असलं तरी सगळ्या दोऱ्या बांधल्याशिवाय आम्ही जेवायला बसलो नाही.

एक उपयोगाची गोष्ट: इथे वादळाचे इशारे काउंटीच्या, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या भागाच्या, नावाने देतात. तुम्ही त्या भागातले नसता, त्यामुळे रेडिओवर नाव ऐकूनही ते आपल्यासाठीच आहे हे कळत नाही. पोचल्या पोचल्या आपण कुठल्या काउंटीत आहोत ते ऑफिसात विचारून कागदावर लिहा आणि गाडीत चिकटवा.

संडास, अंघोळ?

हा प्रश्न सगळे शेवटी आणि हळू आवाजात विचारतात, विशेषतः बायका. मोठ्या कॅम्पग्राउंडवर फ्लशचे संडास असतात, लहान ठिकाणी खड्ड्यावर बांधलेले, तिथे पाणी नसतं. आत पाण्याची बाटली न्यायची सवय ठेवा. आम्ही चक्क घरचा प्लास्टिकचा टमरेल नेला होता. रात्रीसाठी कपाळावर लावायचा दिवा हवा, म्हणजे दोन्ही हात मोकळे राहतात. शॉवर सगळीकडे नसतो. मधल्या दिवसांत हायवेवरच्या मोठ्या ट्रक स्टॉपवर पैसे देऊन स्वच्छ, कुलूपबंद न्हाणीघर मिळतं, टॉवेलसकट. पाळी येणार असेल तर झाकणाचा डबा आणि जास्तीच्या पिशव्या ठेवा. वापरलेलं खड्ड्याच्या संडासात टाकायचं नाही.

शेकोटीसाठी लाकडं घरून नेली तर?

नेऊ नका. एमराल्ड अ‍ॅश बोरर नावाचा हिरवा भुंगेरा २००२ मध्ये डेट्रॉइटजवळ सापडला. तेव्हापासून त्याने अ‍ॅशची कोट्यवधी झाडं मारली आहेत, आणि तो दूरदूर पसरला तो मुख्यतः लोकांच्या गाडीतल्या जळणातून. लाकूड जिथे जाळायचं तिथेच विकत घ्या. कोरड्या दिवसांत शेकोटीला बंदीही असते, दारावरची पाटी बघा. विझवताना पाणी ओता, काठीने ढवळा, पुन्हा ओता, आणि राखेला हाताची पाठ जवळ नेऊन पाहा. ऊब लागली तर अजून विझलेली नाही.

आई-बाबांना नेता येईल?

येईल, पण त्यांना जमिनीवर झोपवू नका. गुडघ्यांना रात्री तीन वेळा जमिनीवरून उठणं जमत नाही आणि ते तसं बोलूनही दाखवत नाहीत. त्यांच्यासाठी लाकडी खोली घ्या आणि शेजारच्या जागेवर तुमचा तंबू लावा. खासगी कॅम्पग्राउंडवर अशी सोय असते. ८,००० फुटांवर पहिल्या दिवशी धाप लागते, डोकं दुखतं. त्या दिवशी चालायचं काही ठेवू नका, पाणी पाजत राहा. रक्तदाबाच्या किंवा हृदयाच्या गोळ्या असतील तर निघण्याआधी डॉक्टरांना उंचीबद्दल विचारा. इन्शुलिन कूलरमध्ये बर्फाला थेट टेकू देऊ नका, ते गोठलं की वाया जातं.

मुलं कंटाळतात का?

गाडीत हो, तंबूत अजिबात नाही. प्रत्येक उद्यानात ज्युनिअर रेंजरची, म्हणजे छोट्या वनरक्षकाची, पुस्तिका मिळते. ती भरून दिली की रेंजर शपथ देऊन बिल्ला देतात. आमच्याकडे चार जागांचे बिल्ले आहेत आणि मुलगी ते शाळेच्या दप्तराला लावून जाते.

फोनला रेंज नसते म्हणे. सुरक्षित आहे का?

बॅडलँड्सपासून पुढे मैलोन्‌मैल रेंज नसते. नकाशे फोनमध्ये आधीच उतरवून घ्या, कॅम्पग्राउंडचं आरक्षण कागदावर छापून न्या, टाकी अर्ध्यावर आली की पेट्रोल भरा. गाडीत प्रत्येकी एक गॅलन पाणी वेगळं ठेवा. माणसांची भीती मला एकदाही वाटली नाही. दहानंतर सगळीकडे शांतता असते आणि शेजारी एकमेकांकडे लक्ष ठेवून असतात. तरी रोज सकाळी निघताना त्या दिवसाचा रस्ता घरच्या कुणाला तरी कळवायचो, रेंज असेपर्यंत.

परत आल्यावर तंबूचं काय करायचं?

त्याच दिवशी उघडा. दमलेले असता, डिकी उद्या रिकामी करू असं वाटतं. पण ओलसर तंबू जुलैच्या उकाड्यात दोन दिवस गुंडाळलेला राहिला की बुरशी धरते आणि तो वास कशानेच जात नाही. आम्ही तो गॅरेजमध्ये दोरीवर उलटा टाकला, झटकला. आतून बॅडलँड्सची पांढुरकी माती पडली. दोन दिवस वाळवून, वाकलेली काठी बदलून, खुंट्या मोजून, सैल गुंडाळून ठेवला. अकरा खुंट्या निघाल्या, नेल्या होत्या बारा.